लीजहोल्ड फ्लॅटची दुरुस्ती आणि फेरफार : इंग्लंड-वेल्समध्ये काम कोणाचे, खर्च कोणाचा

इंग्लंडमध्ये फ्लॅट विकत घेतला असे आपण सहज म्हणतो, परंतु कायद्याच्या भाषेत बहुतेक वेळा तुम्ही घेतलेला असतो तो ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा, म्हणजेच लीज. ती ९९ वर्षांची असेल, १२५ किंवा ९९९ वर्षांचीही असेल. इमारत आणि तिच्याखालची जमीन मात्र फ्रीहोल्डरची, म्हणजे घरमालकाची, राहते. मुंबई-पुण्याच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत वाढलेल्या माणसाला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. तेथे सभासदाला सर्वसाधारण सभेत मत असते, आणि आतले काम सभासदाचे, बाहेरचे संस्थेचे ही विभागणी आदर्श उपविधींमुळे राज्यभर जवळपास सारखीच असते. येथे सर्वांना लागू होणारे असे उपविधी नाहीत. शेजारशेजारच्या दोन इमारतींत, क्वचित एकाच इमारतीतील दोन फ्लॅटांतही, जबाबदारीची वाटणी निराळी असू शकते, कारण ती लीजच्या मजकुरावर ठरते. पुढील माहिती इंग्लंड आणि वेल्सपुरती आहे. स्कॉटलंडमध्ये फ्लॅटची मालकी वेगळ्या कायद्याने चालते आणि तेथे हा घरमालकच नसतो.

सुरुवातीलाच एक भेद मनात पक्का करावा, कारण बहुतेक भांडणे तो न कळल्यामुळे होतात. दुरुस्ती करण्याचे कर्तव्य कोणाचे, हा एक प्रश्न; तिचे पैसे कोण देणार, हा दुसरा. छप्पर गळत असेल तर ते दुरुस्त करून घेणे हे बहुधा घरमालकाचे काम असते, पण त्याचा खर्च तो सर्व्हिस चार्जमधून, म्हणजे इमारतीच्या देखभालीसाठी घेतल्या जाणाऱ्या वर्गणीतून, फ्लॅटधारकांकडूनच वसूल करतो. त्यामुळे “हे घरमालकाच्या जबाबदारीत येते” हे वाक्य ऐकून निश्चिंत होऊ नये. त्यात तुमचा वाटा किती, हे लीजच्या सर्व्हिस चार्जच्या परिशिष्टात लिहिलेले असते.

लीज मिळवा आणि नकाशासह वाचा

खरेदीच्या वेळी सॉलिसिटरने दिलेली प्रत सापडत नसेल तर एचएम लँड रजिस्ट्रीकडून शुल्क भरून नोंदणीच्या उताऱ्याबरोबर लीजची प्रतही मागवता येते. फक्त मूळ लीजवर थांबू नये. नंतर झालेले, लीजच्या अटी बदलणारे दुरुस्तीपत्र आणि आधीच्या मालकांना दिलेले फेरफाराचे परवाने असतील तर तेही मिळवावेत. वाचताना पाच ठिकाणी खूण करावी : तुम्हाला दिलेल्या जागेचे वर्णन, तुमची दुरुस्तीची हमी, घरमालकाची दुरुस्तीची हमी, फेरफारावरील निर्बंध आणि सर्व्हिस चार्जचे परिशिष्ट. सोबतच्या नकाशावर फ्लॅटच्या कडेने लाल रेघ असते. ती उपयोगी असते, पण नकाशा ‘केवळ ओळखीसाठी’ आहे असे लीजमध्ये म्हटले असेल तर मजकूर आणि रेघ यांच्यात विरोध दिसल्यास मजकूर वरचढ ठरतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. इमारतीचा सांगाडा, बाह्यभाग, नळ आणि हीटिंग यांची दुरुस्ती घरमालकावर टाकणारे १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टचे ११ वे कलम पुष्कळ जण इंटरनेटवर वाचतात आणि मॅनेजिंग एजंटला, म्हणजे घरमालकाच्या वतीने इमारत सांभाळणाऱ्याला, पाठवतात. ते कलम सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या भाडेकरारांसाठी आहे. तुमच्या सव्वाशे वर्षांच्या लीजला ते लागू नाही. कौन्सिलकडून, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडून, ‘राइट टू बाय’ योजनेत विकल्या गेलेल्या फ्लॅटची गोष्ट वेगळी. तेथे १९८५ च्याच हाउसिंग ॲक्टच्या सहाव्या परिशिष्टामुळे सांगाडा आणि बाह्यभाग दुरुस्त ठेवण्याची हमी कौन्सिलवर येते. इतरांना लीज हाच आधार.

सीमा नेमकी कोठे आहे

भिंतीच्या आतल्या बाजूचा गिलावा आणि रंग तुमचा, विटांची भिंत घरमालकाची. जमिनीवरच्या लाकडी पट्ट्या तुमच्या, त्यांच्याखालचे वासे घरमालकाचे. छताचा गिलावा तुमचा, वरचा स्लॅब घरमालकाचा. नव्या, मोठ्या इमारतींच्या लीजमध्ये ही रचना बहुधा आढळते. परंतु व्हिक्टोरियन घराचे दोन-तीन फ्लॅट केलेले असतील तर काहीही आढळू शकते. वरच्या फ्लॅटकडे छप्पर आणि खालच्या फ्लॅटकडे पाया सोपवलेला असतो, आणि मग छप्पर गळू लागले की वरच्याने एकट्याने खर्च सोसायचा असतो. न्यूकॅसलच्या परिसरातील टाइनसाइड फ्लॅटांत तर वरचा खालच्याचा फ्रीहोल्डर आणि खालचा वरच्याचा, अशी उलटसुलट मालकी रूढ आहे. अशा घरात दाद मागायला तिसरा कोणी घरमालकच नसतो.

खिडक्यांबद्दल विशेष काळजी घ्यावी. काच तुमची आणि चौकट घरमालकाची, अशी विभागणी बऱ्याच लीजमध्ये असते. काहींमध्ये चौकटीसकट खिडकी तुमची असते. तर काहींमध्ये दुरुस्ती तुमच्याकडे आणि बाहेरून रंग देणे घरमालकाकडे असते. लीज पाहिल्याशिवाय कुजलेली लाकडी चौकट काढून प्लास्टिकची खिडकी बसवणाऱ्या माणसाने घरमालकाच्या मालमत्तेची तोडफोड केलेली असू शकते. बाल्कनीतही असाच घोळ असतो : वरची फरशी तुमची आणि तिच्याखालचा जलरोधक थर इमारतीचा. त्यामुळे पाणी कोणत्या थरातून झिरपते, हे सर्व्हेयरने पाहिल्याशिवाय खर्च कोणावर येतो हे सांगता येत नाही. नळ आणि तारांसाठी साधारण कसोटी अशी की केवळ तुमच्या फ्लॅटला सेवा देणारी वाहिनी तुमची आणि एकाहून अधिक फ्लॅटांना सेवा देणारी घरमालकाची. पण ‘केवळ’ या शब्दावर सारा डोलारा उभा असल्यामुळे, वाहिनीला फाटा कोठे फुटतो ते प्रत्यक्ष शोधावे लागते.

एक उदाहरण जवळून पाहू. तुमच्या बाथरूमच्या छतावर पिवळा डाग उमटतो, दोन दिवसांत तो ताटाएवढा होतो आणि गिलाव्याला फुगवटा येतो. पहिले काम वरच्या फ्लॅटला आणि मॅनेजिंग एजंटला एकाच वेळी लेखी कळवण्याचे. सोबत तारीख दिसेल असे फोटो जोडावेत. वरच्याच्या शॉवरच्या कडेचे सिलिकॉन फाटले असेल तर ते दुरुस्त करणे त्याचे काम आहे. मजल्यातून जाणारा सांडपाण्याचा सामाईक पाइप गळत असेल तर ते घरमालकाचे. तुमच्या छताचे जे नुकसान झाले ते मात्र, दोष कोणाचाही असो, बहुधा इमारतीच्या विम्यातून भरून निघते. हा विमा सामान्यतः घरमालक उतरवतो आणि त्याचा हप्ता तुम्ही सर्व्हिस चार्जमधून भरलेला असतो. वरचा शेजारी निष्काळजी होता हे सिद्ध झाल्याशिवाय केवळ पाणी त्याच्याकडून आले म्हणून तो भरपाई देणे लागत नाही, हे पुष्कळांना पटत नाही. पण कायदा तसा आहे. एजंटकडे विम्याच्या पॉलिसीची प्रत मागा आणि त्यात दोन गोष्टी पाहा : पाण्याच्या गळतीसाठी दाव्यातील किती पहिली रक्कम स्वतः सोसावी लागते, आणि गळती शोधण्यासाठी फरशी वा भिंत फोडून पूर्ववत करण्याचा खर्च मिळतो का. तुमचे फर्निचर, गालिचा आणि कपडे यांचा विमा यात नसतो; तो तुम्ही वेगळा घ्यायचा असतो.

ओल, बुरशी आणि ‘दुरुस्ती’चा अर्थ

दुरुस्तीची हमी लागू होण्यासाठी एखादी वस्तू पूर्वी होती त्याहून वाईट अवस्थेत आलेली असावी लागते. वस्तू मुळातच निकृष्ट असेल, पण बिघडलेली नसेल, तर तो दुरुस्तीचा विषय होत नाही. १९८० च्या दशकात क्विक विरुद्ध टॅफ-एली या खटल्यात अपील न्यायालयाने हेच सांगितले : धातूच्या चौकटींच्या खिडक्यांमुळे घरात बाष्प साचून बुरशी येत होती, घर राहण्यास त्रासदायक झाले होते, पण सांगाड्यात बिघाड दाखवता आला नाही, म्हणून दुरुस्तीचे कर्तव्य उद्भवले नाही. म्हणून बुरशीची तक्रार करताना “भिंत काळी पडली आहे” एवढेच लिहून भागत नाही. गिलावा सुटला आहे का, पन्हळ तुंबून पाणी विटांत मुरते आहे का, जमिनीलगतचा ओलावारोधक थर निकामी झाला आहे का, हे स्वतंत्र सर्व्हेयरकडून लिहून घ्यावे. कपडे घरात वाळवता, खिडक्या उघडत नाही, असे एजंटकडून ठरलेले उत्तर येते आणि कधीकधी ते खरेही असते. ते खरे नसेल तर त्याला अहवालानेच उत्तर देता येते.

हाच भेद दुसऱ्या दिशेनेही उपयोगी पडतो. लीजमध्ये घरमालकाला केवळ ‘दुरुस्ती’चा खर्च वसूल करण्याचा अधिकार असेल आणि ‘सुधारणा’ हा शब्द नसेल, तर चांगल्या चालणाऱ्या लिफ्टऐवजी दिमाखदार लिफ्ट बसवण्याचा खर्च त्याला तुमच्यावर टाकता येत नाही. अर्थात एखादी वस्तू इतकी जीर्ण असेल की ती बदलणे हीच शहाणपणाची दुरुस्ती ठरेल, तर नवीन वस्तू आपोआप थोडी चांगली असणार, आणि तेवढ्याने ती सुधारणा ठरत नाही.

घरमालकाकडून काम कसे करून घ्यावे

छप्पर, जिना, बाह्य भिंत अशा घरमालकाच्या ताब्यातील भागात बिघाड झाला की, लीजमध्ये वेगळे म्हटले नसेल तर, त्याची जबाबदारी बिघाडाच्या क्षणापासून सुरू होते. तुमच्या फ्लॅटच्या आतल्या बिघाडाची त्याला आधी सूचना द्यावी लागते. व्यवहारात दोन्ही वेळा लेखी कळवावे. पत्रात बिघाड कोठे आहे, केव्हा दिसला, लीजच्या कोणत्या परिच्छेदानुसार ते घरमालकाचे काम आहे, पाहणीसाठी तुम्ही कोणत्या वेळी घरी असाल आणि उत्तराची अपेक्षा कोणत्या तारखेपर्यंत आहे, एवढे असावे. राग आणि विशेषणे वगळावीत, कारण हेच पत्र पुढे न्यायाधीशापुढे जाऊ शकते. पत्र एजंटबरोबरच घरमालकाच्या पत्त्यावरही पाठवावे. सर्व्हिस चार्जच्या मागणीपत्रावर घरमालकाचे नाव आणि पत्ता देणे १९८७ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टने बंधनकारक आहे.

काम होत नाही म्हणून सर्व्हिस चार्ज थांबवणे हा सर्वांत मोहाचा आणि सर्वांत धोक्याचा मार्ग आहे. बऱ्याच लीजमध्ये घरमालकाचे कर्तव्य तुमच्या भरण्यावर अवलंबून ठेवलेले असते, थकबाकी तुमच्या गहाणदार बँकेपर्यंत पोहोचते, आणि शेवटी लीज जप्त करण्याची धमकीही येते. न्यायालयाच्या किंवा न्यायाधिकरणाच्या निर्णयाशिवाय ती प्रत्यक्षात आणता येत नाही, तरी झोप उडवायला पुरेशी असते. त्यापेक्षा वाद नोंदवून, ‘हक्क राखून’ पैसे भरावेत. घरमालकाला दुरुस्ती करण्याचा आदेश आणि नुकसानभरपाई हवी असेल तर काउंटी कोर्टात जावे लागते. फर्स्ट-टियर ट्रायब्युनल या न्यायाधिकरणाचे काम मुख्यतः सर्व्हिस चार्ज देय आणि वाजवी आहे का ते ठरवण्याचे. वेल्समध्ये हेच काम लीजहोल्ड व्हॅल्युएशन ट्रायब्युनल करते. मात्र व्यवस्थापन वारंवार कोलमडत असेल तर १९८७ च्या कायद्याच्या २४ व्या कलमाखाली स्वतंत्र व्यवस्थापक नेमण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. पुरेसे फ्लॅटधारक एकत्र येत असतील तर २००२ च्या कायद्यातील ‘राइट टू मॅनेज’, म्हणजे फ्लॅटधारकांनी कंपनी स्थापून व्यवस्थापन स्वतःकडे घेण्याचा हक्क, हा माझ्या मते अधिक चांगला मार्ग आहे, कारण त्यात घरमालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. सोसायटीच्या कमिटीत काम केलेल्या मराठी माणसाला तो परकाही वाटणार नाही.

मोठ्या कामाची नोटीस आली तर

कोणाही एका फ्लॅटधारकाच्या वाट्याला २५० पौंडांपेक्षा जास्त खर्च येणार असेल तर १९८५ च्या कायद्याच्या २० व्या कलमानुसार घरमालकाने आधी सल्लामसलत करावी लागते. प्रथम कामाचा हेतू सांगणारी नोटीस येते. तिच्यावर ३० दिवसांत अभिप्राय द्यायचा असतो आणि सामान्यतः स्वतःचा कंत्राटदारही सुचवता येतो. मग किमान दोन अंदाजपत्रके कळवली जातात, त्यांतील एक तरी घरमालकाशी संबंध नसलेल्याचे असावे लागते, आणि पुन्हा ३० दिवस मिळतात. सर्वांत स्वस्त किंवा फ्लॅटधारकांनी सुचवलेला कंत्राटदार निवडला नाही तर त्याची कारणे लेखी द्यावी लागतात. हे केले नाही तर वसुली प्रत्येकी २५० पौंडांवर अडते.

मात्र एवढ्यावर विसंबू नये. घरमालक न्यायाधिकरणाकडे सूट मागू शकतो, आणि २०१३ साली डेजान विरुद्ध बेन्सन या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की महत्त्वाचा प्रश्न हा आहे की प्रक्रियेतील चुकीमुळे फ्लॅटधारकांचे प्रत्यक्ष नुकसान काय झाले. म्हणून नोटीस आली की ती टेबलावर पडू देऊ नये. काम खरोखर गरजेचे आहे का, मचाण एकदाच बांधून रंगकाम आणि छप्पर एकत्र होईल का, अमुक कंत्राटदाराचे अंदाजपत्रक घ्यावे, असे ठोस मुद्दे मुदतीत लिहून पाठवावेत. नंतर “आम्हाला विचारले असते तर आम्ही हे सांगितले असते” असे म्हणण्याला वजन येते ते अशाच नोंदींमुळे.

बिल आल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात. खर्च झाल्यापासून १८ महिन्यांच्या आत मागणी झाली आहे का, किंवा निदान त्या मुदतीत खर्चाची लेखी सूचना आली होती का. मागणीसोबत तुमच्या हक्कांचा विहित गोषवारा आहे का, कारण तो मिळेपर्यंत रक्कम रोखून धरता येते. आणि तुमच्या वाट्याची टक्केवारी लीजप्रमाणे आहे का. न्यायाधिकरणाकडे जाताना २०सी कलमाखालचा अर्जही जोडावा, नाहीतर घरमालकाचा वकिलाचा खर्च पुढच्या वर्षीच्या सर्व्हिस चार्जमधून तुमच्याच दारी येऊ शकतो. २०२४ च्या लीजहोल्ड अँड फ्रीहोल्ड रिफॉर्म ॲक्टने यांतील काही नियम बदलायचे ठरवले असून त्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. म्हणून पाऊल उचलण्याआधी सरकारी निधीवर चालणाऱ्या लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिसकडून त्या दिवशीची स्थिती विनामूल्य विचारून घ्यावी.

इंग्लंडमध्ये इमारत किमान ११ मीटर उंच किंवा पाच मजली असेल आणि खर्च क्लॅडिंगसारख्या (बाह्य भिंतींवरील आवरणासारख्या) आगीच्या धोक्याशी निगडित बांधकामदोषाचा असेल, तर २०२२ चा बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट आधी पाहावा. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी तो फ्लॅट तुमचे मुख्य घर होता, किंवा ब्रिटनमध्ये तुमच्या मालकीची एकंदर तीनपेक्षा जास्त घरे नव्हती, तर धोकादायक क्लॅडिंगचा खर्च तुमच्यावर टाकता येत नाही आणि इतर दोषांच्या खर्चावर कमाल मर्यादा आहे. त्या दिवशी फ्लॅट दुसऱ्याकडे असेल तर त्याची तेव्हाची परिस्थिती पाहिली जाते.

फेरफार : आधी निर्बंधाची जात ओळखा

फेरफाराबाबतच्या अटी साधारण तीन प्रकारच्या असतात. पहिली, ‘कोणताही फेरफार करू नये’ अशी निरपवाद बंदी. दुसरी, ‘घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय करू नये’. तिसरी, तीच अट, पण ‘ही संमती अवाजवीपणे नाकारली जाणार नाही’ या पुस्तीसह. दुसऱ्या प्रकारात ती पुस्ती लिहिलेली नसली तरी काम ‘सुधारणा’ असेल तर १९२७ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या १९(२) कलमामुळे ती आपोआप धरली जाते. आणि सुधारणा आहे की नाही, हे फ्लॅटधारकाच्या नजरेने पाहिले जाते. घरमालक वकील आणि सर्व्हेयरचा वाजवी खर्च, तसेच त्याच्या मालमत्तेचे मूल्य घटत असल्यास त्याची भरपाई मागू शकतो. केवळ सही करण्याचा मोबदला म्हणून मनमानी रक्कम मागू शकत नाही. पहिल्या प्रकारात मात्र हे संरक्षण नाही. तेथे घरमालक कारण न देता नकार देऊ शकतो.

इतकेच नव्हे, घरमालकाची इच्छा असूनही तो होकार देऊ शकत नाही, असेही घडते. लंडनच्या मेडा व्हेल भागातील रँडॉल्फ क्रेसेंटवरच्या नऊ फ्लॅटांच्या इमारतीत एका फ्लॅटधारकाला भार पेलणारी भिंत काढायची होती. लीजमध्ये भिंती कापण्यावर निरपवाद बंदी होती, आणि एका फ्लॅटधारकाने मागणी केल्यास दुसऱ्यावर अटींची अंमलबजावणी करण्याची हमी घरमालकाने प्रत्येकाला दिलेली होती. मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा स्थितीत एकाला परवाना देणे म्हणजे इतरांना दिलेली हमी मोडणे होय. हा निकाल लागल्यापासून सावध घरमालक मोठ्या बांधकामाच्या अर्जावर आधी सर्व शेजाऱ्यांची संमती आणायला सांगतात. तो त्यांचा आडमुठेपणा आहे असे समजू नये.

लीज काहीच बोलत नसेल तर बरीच मोकळीक असते, परंतु ती फक्त तुमच्या जागेपुरती. पोटमाळा तुमच्या लीजमध्ये नसेल तर तेथे खोली काढणे हा फेरफार नसून दुसऱ्याच्या जागेवरचे अतिक्रमण आहे. हीच गोष्ट लहान प्रमाणात बॉयलरच्या बाबतीत घडते : बॉयलर तुमचा, पण त्याची धुराची नळी ज्या बाहेरच्या भिंतीतून काढायची ती भिंत घरमालकाची, म्हणून भोक पाडण्याआधी परवानगी हवी. एसीचे बाहेरचे युनिट आणि डिश अँटेना यांनाही तेच लागू आहे.

जुने कपाट काढून तेथेच नवे बसवणे, टाइल्स बदलणे, रंग देणे याला सहसा परवानगी लागत नाही. पण लाकडी जमीन हा वेगळाच विषय आहे. पुष्कळ लीजमध्ये खोल्यांत गालिचा अंथरलेला असावा अशी अट असते, आणि ती फेरफाराच्या कलमात नसून मागच्या बाजूच्या नियमावलीत दडलेली असते. ती न पाहता लॅमिनेट बसवले की खालच्या माणसाला वरचे प्रत्येक पाऊल ऐकू येते. एरवी साध्या वावराच्या आवाजाविरुद्ध कायदा फारसा मदत करत नाही. १९९९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तसा निर्णय दिलेला आहे. परंतु अट मोडून जमीन बदलली असेल तर ती उखडायचा आदेश होऊ शकतो. ध्वनिरोधक थराचे मापन, बसवण्याची पद्धत आणि जाडी दाखवून आधी परवाना घेतला तर हे टळते. स्वयंपाकघर खालच्याच्या झोपायच्या खोलीवर नेण्याच्या अर्जालाही आवाज आणि गळती या दोन कारणांनी वाजवी नकार मिळू शकतो.

अर्ज, आणि इतर परवानग्या

अर्जासोबत सध्याचा आणि नियोजित नकाशा, कामाचे वर्णन, कंत्राटदाराच्या विम्याचे प्रमाणपत्र, कामाचे दिवस आणि वेळा द्याव्यात; भिंत काढायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरचे हिशेब जोडावेत. एजंट, सॉलिसिटर आणि सर्व्हेयर यांचे शुल्क किती होईल हे आधी लेखी विचारावे. हे शुल्क वाजवी असले पाहिजे आणि ते न्यायाधिकरणापुढे आव्हान देण्याजोगे आहे. फ्लॅट हस्तांतराच्या संमतीबाबत घरमालकाला वाजवी वेळेत उत्तर द्यायला लावणारा १९८८ चा कायदा फेरफाराला लागू होत नाही, त्यामुळे कंत्राटदाराला तारीख देण्यापूर्वी भरपूर अवधी ठेवावा. इमारत राइट टू मॅनेज कंपनीच्या ताब्यात असेल तर संमती ती कंपनी देते, पण तिला आधी घरमालकाला ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. ‘शेअर ऑफ फ्रीहोल्ड’ असलेल्यांनीही फ्रीहोल्डची मालकी असलेल्या कंपनीत आपला भाग आहे म्हणून परवाना टाळू नये. लीज त्यांनाही तशीच बांधते.

घरमालकाची संमती मिळाली म्हणजे इतर परवानग्या मिळाल्या असे होत नाही. बिल्डिंग रेग्युलेशन्सची मंजुरी आणि काम संपल्यावरचे प्रमाणपत्र वेगळे. घरांना मिळणारी नियोजन-परवानगीतील सवलत फ्लॅटना मिळत नाही, म्हणून निराळ्या दिसणाऱ्या खिडक्यांसाठीही कौन्सिलला विचारावे. इमारत लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून संरक्षित, असेल तर विनापरवाना केलेले काम हा फौजदारी गुन्हा ठरू शकतो. दोन फ्लॅटांमधील भिंतीत किंवा मजल्यात तुळई घुसवायची असेल तर १९९६ च्या पार्टी वॉल ॲक्टखाली फ्रीहोल्डरला आणि त्या बाजूच्या फ्लॅटधारकाला दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते. इंग्लंडमधील किमान १८ मीटर उंच किंवा किमान सात मजली इमारतींत फ्लॅटच्या आतल्या बऱ्याच बांधकामासाठी बिल्डिंग सेफ्टी रेग्युलेटरची पूर्वमंजुरी लागते आणि तिला वेळ लागतो. फ्लॅटचे मुख्य दार दिसायला आपले असले तरी ते बहुधा आग अर्धा तास थोपवणारे दार असते; ते बदलणे, त्याला जादा भोके पाडणे किंवा आपोआप बंद होण्याची कळ काढून टाकणे घरमालकाला विचारल्याशिवाय करू नये. इमारत २००० पूर्वीची असेल तर छतावरच्या खडबडीत लेपात ॲस्बेस्टॉस असू शकतो. तो खरवडण्याआधी तपासून घ्यावा. गहाणदार बँकेलाही मोठ्या फेरफाराची कल्पना द्यावी लागते.

आधीच झालेले काम

तुम्ही घेत असलेल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली एक केलेली दिसली तर लीजसोबतच्या मूळ नकाशाशी ती मांडणी ताडून पाहावी. भिंत नकाशात असेल आणि प्रत्यक्षात नसेल तर विक्रेत्याकडे घरमालकाचा परवाना आणि बिल्डिंग कंट्रोलचे प्रमाणपत्र, दोन्ही मागावेत. भंग पूर्वीच्या मालकाने केला असला तरी भिंत परत बांधायची मागणी सध्याच्या मालकाकडे, म्हणजे तुमच्याकडे, येऊ शकते. विक्रेत्याने पूर्वलक्षी परवाना मिळवून द्यावा हा स्वच्छ उपाय आहे. तो वेळखाऊ वाटल्यास सॉलिसिटर दोषाच्या जोखमीचा विमा सुचवतात, पण असा विमा फक्त पैशाच्या नुकसानीपुरता असतो. बीम नीट बसवला आहे की नाही हे तो सांगत नाही. शिवाय घरमालकाशी या विषयावर एकदा संपर्क साधला की विमा कंपनी सहसा पॉलिसी देत नाही. म्हणून परवाना मागायचा की विमा घ्यायचा, हे एजंटला पहिला ईमेल पाठवण्यापूर्वीच सॉलिसिटरशी बोलून ठरवावे.